शेवट झाला, पुढे चालू

(सिनसिनाटी, ओहायो. सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या, ओट्याशी साराची तयारी करताहेत. सून जाड पुस्तक मिटून डोळे पुसते आहे.)

सासूबाई: अगं, काय झालं? कोणाचा फोन आला का?

सून: नाही हो आई. मालिका संपली. तेरा पुस्तकं!

सासूबाई: अगंबाई, मला वाटलं कोणी गेलं.

सून: गेलेच ना. व्हॅम्पायर पटापट मरताहेत.

सासूबाई: ते आधीच मेलेले असतात ना?

सून: म्हणून तर! त्यांना कोणीतरी आत्मे परत मिळवून देतं. आत्मा आला की आजवर केलेलं सगळं आठवतं, आणि ते आपणहून उन्हात जाऊन मरतात.

सासूबाई: आमच्या सोसायटीच्या कमिटीला द्यायला हवेत असे आत्मे. पण ते कसले उन्हात जातात! वर्गणी काढून पत्रे टाकून घेतील.

सून: किम हॅरिसनची ‘हॉलोज’ मालिका आहे ही. नायिका चेटकीण, रेचल मॉर्गन. या गावचीच. परवा तो रोब्लिंगचा पूल बघितलात ना?

सासूबाई: १८६७ सालचा. त्याच माणसाने पुढे ब्रुकलिनचा आखला. पाटी वाचली मी. तू फोटो काढत होतीस.

सून: तर नदीपलीकडच्या त्या काठाला ही हॉलोज वस्ती. तिथल्या जुन्या चर्चमध्ये रेचल राहते. सोबत आयव्ही नावाची व्हॅम्पायर मैत्रीण आणि जेंक्स नावाचा पिक्सी.

सासूबाई: तो कोण?

सून: चार इंचांचा, पंखवाला. बायको, डझनांनी पोरं, सगळा बारदाना चर्चच्या बागेत. परी दिसली की तलवार उपसतो. पऱ्यांशी त्यांचं पिढीजात वैर.

सासूबाई: आणि डझनांनी पोरांचं शिक्षण?

सून: आई, पिक्सींना आयुष्यच जेमतेम वीस वर्षांचं! आठव्या पुस्तकात त्याची बायको जाते. दोन दिवस जेवण गेलं नव्हतं मला.

सासूबाई: तरीच मुलगा म्हणत होता, डाएट चालू आहे म्हणून. तो टोमॅटो दे इकडे.

सून: या गोष्टीत टोमॅटोनेच घात केलाय! साठच्या दशकात प्रयोगशाळेतला विषाणू टोमॅटोत शिरला आणि माणसं पटापट मेली. चेटकिणी, व्हॅम्पायर मात्र ठणठणीत. तोवर लपून राहायचे, मग उघड वावरायला लागले. पुढे माणसं टोमॅटोला हात लावीनात. लाल सॉसचा पिझ्झा खायचा तर व्हॅम्पायरच्या हॉटेलात.

सासूबाई: आणि इथे ओहायोत टोमॅटोचा रस सरकारी पेय आहे म्हणालीस ना?

सून: १९६५ पासून.

सासूबाई: बाईने बरोबर वर्मावर बोट ठेवलंय. कुठली ही?

सून: मिशिगनची.

सासूबाई: शेजारीण! मग बरोबर आहे. लग्न होतं का त्या रेचलचं?

सून: ट्रेंटशी जमतं. एल्फ आहे. गर्भश्रीमंत, राजकारणी. पहिल्या पुस्तकात ती मिंक होऊन त्याच्याकडे चोरून शिरते, तर तो तिला पिंजऱ्यात कोंडतो आणि झुंजीला लावतो.

सासूबाई: आणि त्याच्याशीच जमतं?

सून: तेरा पुस्तकं लागतात हो.

सासूबाई: आमच्या वेळी कांदेपोह्यांत उरकायचं. पिंजरा नंतर कळायचा.

सून: (पुस्तक दाखवत) आणि नावं बघा. ‘द गुड, द बॅड अँड द अनडेड’, ‘फॉर अ फ्यू डीमन्स मोअर’. हे शेवटचं ‘द विच विथ नो नेम’, २०१४ चं.

सासूबाई: हा तर क्लिंट ईस्टवुड! ह्यांनी अलका टॉकीजला नेलं होतं मला. सिनेमाभर झोपले आणि बाहेर येऊन मला गोष्ट समजावून सांगितली. आता पुढे काय वाचणार?

सून: चौदावं.

सासूबाई: संपलं म्हणालीस ना?

सून: संपलंच होतं. उपसंहारात काळ बराच पुढे नेऊन कोणाचं काय झालं तेही लिहून टाकलं होतं. मग २०२० साली ‘अमेरिकन डीमन’ आलं. तेराव्यानंतरची, पण उपसंहाराआधीची गोष्ट. त्यापुढे आणखीही आली.

सासूबाई: मग रडतेस कशाला?

सून: २०१४ च्या वाचकांना हे कुठे ठाऊक होतं? त्यांच्या वाटचं रडतेय. खरं सांगू? शेवट आधीच सांगितल्यावर मधलं कोण वाचणार, असं मलाही वाटतं.

सासूबाई: सीतास्वयंवराचं कीर्तन ऐकलंयस कधी? धनुष्य कोण मोडणार ते शेंबड्या पोराला ठाऊक. पण आरतीचं तबक फिरल्याशिवाय बुवा ते मोडत नाहीत, आणि तोवर कोणी उठत नाही. तुझ्या बाईने तबक दुसऱ्यांदा फिरवलं, इतकंच.

सून: मग वाचा की तुम्ही. पहिलं आणून देते.

सासूबाई: आधी सांग, तो चार इंचांचा जगतो का? मग वाचते.

सून: ते नाही सांगणार.

सासूबाई: नको सांगूस. (हात पुसून तेरावं पुस्तक उचलतात आणि मागून उघडतात.)

सून: आई!

सासूबाई: ओरडू नकोस. फोडणी करपतेय, तिकडे बघ.