पाटी आणि पासबुक

हैदराबादेत बरकतपुऱ्याला भविष्य निर्वाह निधीचं कार्यालय आहे. कंपनीत नीती किती, हे स्वागतकक्षातल्या 'आमची मूल्ये' या पाटीवरून कळत नाही. ते इथं कळतं. पगारातून सहसा 12 टक्के कापायचे, मालकानं आपला वाटा घालायचा आणि पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत भरायचे. गणित एवढंच. कापलेले पैसे न भरणं हा कायद्याच्या भाषेत विश्वासघात. ऑफिसच्या भाषेत 'तांत्रिक अडचण'.

पाटीवरच्या दुसऱ्या मूल्याचं, संवादाचं म्हणाल, तर त्याचा धडाही याच शहरानं घालून दिलाय. 'सत्यम' या इथल्या आयटी कंपनीला 2008 साली उत्तम कारभाराबद्दल 'गोल्डन पीकॉक' पुरस्कार मिळाला. 7 जानेवारी 2009 रोजी अध्यक्ष रामलिंग राजूंनी संचालकांना पत्रानं कळवलं, की ताळेबंदातले 5,040 कोटी रुपये मुळात नाहीतच. इतका पारदर्शक पत्रव्यवहार कॉर्पोरेट जगात विरळाच! पुरस्काराचा मोर लगोलग उडाला. सत्य नावात होतं, हिशेबात तेवढं मांडायचं राहून गेलं.

तात्पर्य: पाट्या साहेबांनी लावाव्यात, आपण पासबुक वाचावं.