कडेकडेने चला

पांढरी मोहरी मिळाली की राजापुढचं किंवा वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे सारायचं आणि पटाचा मध्य धरायचा, हा जुना रिवाज. त्यात खोट एकच, तो सरळ आहे. म्हणून होतकरू बुद्धिबळपटूने आपली सगळी तयारी फ्लँक ओपनिंग्जवर, म्हणजे मध्य सोडून कडेकडेने होणाऱ्या सुरुवातींवर उभारावी, अशी आमची आग्रहाची शिफारस आहे.

पहिला फायदा पाठांतराचा. ई४ खेळणाऱ्याला सिसिलियन, फ्रेंच, कारो-कान सगळं घोकावं लागतं. सी४ खेळून इंग्लिश ओपनिंग पत्करलं की ही कटकट मिटली. मिहाइल मारिन यांनी इंग्लिशवर लिहिलेले तीन खंड तेवढे वाचायचे.

शिवाय विविधता आहेच. सी४ला समोरच्याने ई५ केलं की सिसिलियनच हजर, फक्त रंग उलटे. त्याने सी६ केलं, आपण ई४ आणि त्याने डी५, की कारो-कान. त्याने ई६ आणि डी५ केलं, आपण डी४, की चक्क क्वीन्स गॅम्बिट. जे टाळायला निघालो तेच वळसा घालून भेटतं. याला कोणी द्राविडी प्राणायाम म्हणेल, आम्ही व्यासंग म्हणतो. १९७२ साली रेक्याविकला जगज्जेतेपदाच्या लढतीतल्या सहाव्या डावात जन्माचा ई४वाला फिशर सी४ खेळला आणि तिसऱ्या चालीला क्वीन्स गॅम्बिटमध्ये पोचला. डाव इतका देखणा झाला की हरलेल्या स्पास्कीनेही टाळ्या वाजवल्या. फिशर त्या गॅम्बिटची तयारी करून आला होता, हे मनावर घेऊ नये.

दुसरा फायदा थोरामोठ्यांच्या पुण्याईचा. न्यूयॉर्कला १९२४ साली रेटीने आधी घोडा काढला, मध्य मोकळा सोडला, दोन्ही उंट कडेला बसवून दुरून मारा केला आणि आठ वर्षं न हरलेल्या कापाब्लांकाला हरवलं. त्याच स्पर्धेत टार्टाकोव्हरने प्राणिसंग्रहालयातल्या सुझन नावाच्या ओरांगउटानचा सल्ला घेऊन बी४ केलं. डाव तो हरला. इतका जाणकार सल्लागार प्रत्येकाला लाभत नाही, पण क्लबात चौकशी करून पाहावी.

कुजकट लोक १९७०च्या बेलग्रेडचा दाखला देतात. सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग, पहिला पट, पांढऱ्याकडून लार्सन. त्याने बी३ केलं. चौदाव्या चालीला स्पास्कीने आपला हत्ती थेट एच१वर नेऊन फुकट दिला. लार्सनने तो घेताच काळं प्यादं जी२वर येऊन उभं राहिलं, वजीर व्हायला एक पाऊल बाकी. सतराव्या चालीला खेळ खलास. लार्सनचा वजिराकडचा हत्ती आणि घोडा तोवर जागचे हललेही नव्हते. टीकाकारांना यात पराभव दिसतो. आम्हाला काटकसर दिसते. मध्यासाठी पाच तास झुंजून हरणाऱ्याच्या नशिबी हे सुख नाही.

तेव्हा पुढच्या स्पर्धेत बिनदिक्कत सी४ खेळा. क्वीन्स गॅम्बिटची जुनी पुस्तकं मात्र रद्दीत घालू नका. तिसऱ्या चालीला लागतील.