रा. रा. फुकट व्हीपीएन यांस

मालक, सा. न. वि. वि.

सोलापुरात ओळख असो-नसो, समोरच्याला ‘मालक’च म्हणतात. तुमच्या बाबतीत ते जरा जास्तच खरं आहे. भाच्याने तुम्हाला माझ्या फोनमध्ये बसवलं. बटण दाबलं की ‘आपण आता सुरक्षित आहात’ अशी पाटी लागते. इतकी ठाम हमी विमा एजंटानेही कधी दिली नव्हती.

तुमचं काम मी समजून घेतलंय. माझ्या फोनातून निघालेलं सगळं कुलूपबंद होऊन आधी तुमच्या सर्व्हरवर जातं, मग पुढे. मी कुठली साइट उघडली हे मोबाइल कंपनीला कळत नाही, आणि साइटला मी सोलापुरातल्या सात रस्त्याचा न वाटता ॲमस्टरडॅमचा वाटतो. (गूगलमध्ये माझ्याच नावाने लॉगिन असल्याने गूगल फसत नाही, ते सोडा.) स्टेशनवरच्या वायफायला ही सोय बरीच. मात्र मोबाइल कंपनीला जे दिसायचं, ते आता तुम्हाला दिसतं. वर तुम्ही पैसेही घेत नाही! सर्व्हरचं भाडं, पोरांचे पगार कुठून भागवता, हे विचारलं तर राग नसावा.

विचारायला कारण आहे. तुमच्या भाऊबंदांत ओनावो नावाचे एक गृहस्थ होते. फेसबुकने 2013 मध्ये ती कंपनी घेतली. ॲपच्या नावातच ‘प्रोटेक्ट’, आणि धंदा काय, तर लोक दुसऱ्यांची कुठली ॲप किती वापरतात ते आतून बघायचं. 2023 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने त्यापायी दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोकला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, त्याही आपणच नेऊन दिलेल्या.

आपल्या सरकारनेही तुमची काळजी वाहिली. 28 एप्रिल 2022 ला सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचा हुकूम निघाला: गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, फोन, आयपी आणि व्हीपीएन ‘कशासाठी’ घेतला ते कारण, सगळं 5 वर्षं जपून ठेवा. लपायला घेतलेल्या वस्तूच्या फॉर्मवर कारणाचा रकाना! एक्स्प्रेस, नॉर्ड, सर्फशार्क या तुमच्या भाऊबंदांनी भारतातले सर्व्हरच उचलले. तुम्ही काय केलंत? तुमच्या ‘आमच्याविषयी’वर बोट ठेवलं की रमीची जाहिरात उघडते.

परवा तुमच्या कृपेने मी ॲमस्टरडॅमला असताना बँकेचं ॲप बंद पडलं. शाखेत म्हणाले, आधारची झेरॉक्स आणा. झेरॉक्सवाला म्हणाला, “व्हॉट्सॲपला टाका की, मालक.” टाकलं. त्याच्या पडद्यावर गावाचे सातबारे, जातीचे दाखले, कुणाची तरी लग्नपत्रिका, सगळं एकाखाली एक उघडं. पोराने घाईत भलतंच दाबलं आणि माझ्या हाती एका अनोळखी बाईंचं आधार आलं. जन्मतारीख, घर नंबर, सगळं ठळक. “चुकून निघालं,” म्हणत त्याने तो कागद पाठकोऱ्यांच्या गठ्ठ्यात सरकवला आणि त्यातल्याच एका पाठकोऱ्यावर माझा हिशेब मांडला. त्या दुकानापुढे तुमचं कुलूप काय करणार?

तरी स्टेशनपुरतं कुणीतरी लागेलच. तेव्हा वर्षाचं भाडं काय, कंपनी कुठल्या देशातली, आणि ‘नोंदी ठेवत नाही’ म्हणता ते बाहेरच्या कुणाकडून तपासून घेतलंय का, तेवढं कळवा. उत्तर येईपर्यंत तुम्हाला फोनमधून काढतोय. भाच्याला सांगू नये.

कळावे, लोभ असावा, पाळत नसावी.