सर (बी.एड. विचाराधीन)

आमच्या गावात चौकात उभं राहून ‘ओ सर’ अशी हाक मारली की तिघे वळून बघतात. एक हायस्कूलचे, दुसरे निवृत्त मुख्याध्यापक आणि तिसरा आमचा सर. पहिल्या दोघांकडे बी.एड. आहे, तिसऱ्याकडे विद्यार्थी.

आमचा सर बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. निकाल लागला त्या उन्हाळ्यातच त्याने ठरवलं की बी.एड. करायचं की नाही हे एकदाचं ठरवून टाकायचं. ते ठरवणं अजून चालू आहे. घोडेगावच्या कांदा मार्केटच्या आसपास त्याचं गाव, म्हणजे तालुका नेवासे. पण पाथर्डी, शेवगाव, राहुरी, पारनेर, कुठेही जा, तो भेटतोच. आपल्या जिल्ह्यात कांद्याखालोखाल विज्ञान पदवीधर पिकतो, आणि कांद्यासारखाच त्यालाही हमीभाव नाही.

त्याच्याकडे कॉलेजची एक अर्धी कोरी प्रॅक्टिकलची वही आहे. तीत त्याने बी.एड.चा प्रयोग रीतसर मांडला आहे. उद्देश : बी.एड. करावे किंवा कसे, हे तपासणे. साहित्य : मार्कशीट, टीसी, डोमिसाईल, नॉन-क्रिमिलेअर, वडील. कृती : सीईटीचा फॉर्म भरणे. मग निरीक्षणे सुरू होतात, ती बावीस पानं चालली आहेत. ‘अनुमान’ या शब्दापुढे विसर्गाची दोन टिंबं आहेत आणि पुढे कोरं.

लोक म्हणतात पोरगं धरसोड आहे. मला ते पटत नाही. त्याची निरीक्षणं मी वाचली आहेत. त्याने निर्णय घेत आणला की सरकार नियम बदलतं, हे त्यात तारीखवार आहे. बी.एड. एक वर्षाचं होतं, ते 2015 पासून दोन वर्षांचं झालं. बी.एड. करून पहिली ते पाचवीलाही शिकवता येईल असं तो धरून चालला होता. 11 ऑगस्ट 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने ते दार लावून घेतलं. त्या दिवशी तो उलट खूश दिसला. म्हणाला, ‘‘बरं झालं, एक पर्याय कमी झाला.’’ मग एक वर्षाचं बी.एड. परत येणार अशी बातमी आली. हा थांबला. नीट वाचल्यावर कळलं, ते चार वर्षांची पदवी किंवा एम.एस्सी. असलेल्यांसाठी. तेव्हा बी.एड.चं एक वर्ष वाचवण्यासाठी आधी दोन वर्षांची एम.एस्सी. करावी का, यावर वहीत अडीच पानं आहेत.

2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. डोमिसाईलवर अहमदनगर, फॉर्ममध्ये अहिल्यानगर. ‘‘नाव जुळत नाही म्हणून अडवलं तर?’’ या एका प्रश्नावर त्याने ते वर्ष काढलं. कोणी अडवलं नसतं. पण विचारायला तो गेलाच नाही, कारण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

हिशेबात मात्र त्याला कोणी हरवू शकत नाही. ज्या ओट्यावर तो शिकवण्या घेतो, तिथल्या फळ्यावर तो मांडून दाखवतो : बी.एड.ची दोन वर्षं. त्यानंतर टेट, म्हणजे शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी. ही पहिल्यांदा झाली डिसेंबर 2017 ला, दुसऱ्यांदा 2023 ला, तिसऱ्यांदा 2025 ला. ‘‘धूमकेतूचं सुद्धा गणित बसतं राव, हिचं बसत नाही.’’ ती झाली की भरतीचं पवित्र पोर्टल. पोर्टल पावलं की तीन वर्षं शिक्षणसेवक. माध्यमिकला पूर्वी आठ हजार मानधन होतं, 2023 पासून 18,000 झालं. आता शेजारी शिकवणीचा हिशेब : चाळीस पोरं गुणिले पाचशे, बरोबर 20,000. म्हणजे सहा-सात वर्षं घासून आजच्यापेक्षा दोन हजार कमी! बरं, शिक्षण हक्क कायद्याचं कलम 28 म्हणतं, शिक्षकाने खासगी शिकवणी घ्यायची नाही. म्हणजे शिक्षक झालं की शिकवणं बंद.

फळ्यावरचा हा हिशेब बिनतोड आहे. फक्त ते वीस हजार फळ्यावरच असतात. पोरांची फी कांद्याच्या पट्टीवर असते. घोडेगावला भाव पडला की सरांचा पगार पडतो, आणि भाव चढला की पालक म्हणतात, ‘‘सर, अजून थोडा चढू द्या.’’

सल्लागारांना तोटा नाही. सुप्याच्या एमआयडीसीत क्यूसीला लागलेला मित्र सांगतो, बी.एड.च्या नादी लागू नको. आणि रात्रपाळी संपली की त्याच फोनवर विचारतो, यंदा सीईटी कधी आहे रे? वडील माळकरी. ते म्हणतात, ‘‘माउलींनी आपल्याच नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली, त्यांचं कुठं बी.एड. झालं होतं?’’ आईचा मुद्दा नेमका आहे : मुलीकडचे विचारतात तेव्हा काय सांगायचं? म्हणून बायोडेटात शिक्षणाच्या रकान्यात ‘बी.एस्सी. (बी.एड. विचाराधीन)’ असं छापलं आहे. दोन स्थळं ‘विचाराधीन’ नावाचं कॉलेज कुठे आहे असं विचारून गेली.

निवृत्त मुख्याध्यापक जरा कडक. ते म्हणतात, ‘‘अरे, अमेरिकेहून आलेल्या फरारबाई 1839 पासून नगरला मुलींच्या शाळा चालवत होत्या. सावित्रीबाई शिक्षिका व्हायचं शिकल्या त्या त्यांच्याकडेच. शेणाचे गोळे खाल्ले पण वही नाही मांडली त्या बाईने.’’ सर हे ऐकून गप्प बसतो आणि ‘निरीक्षणे’खाली लिहितो : ‘मुख्याध्यापक, अनुकूल.’

सगळ्यात मोठा सल्लागार मामा. मामा झेडपीच्या शाळेत पदवीधर शिक्षक, सहावी ते आठवीला गणित-विज्ञान. दिवाळीला आले की भाच्याला समोर बसवून सांगायचे, ‘‘शहाणा असशील तर या लाइनला येऊ नको. मी शिकवतो कधी? खिचडीचे फोटो काढतो, माहिती भरतो, मतदार याद्या करतो.’’ पण 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला : नोकरीत असलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायची. मामांच्या निवृत्तीला अजून नऊ वर्षं आहेत. पुढच्याच रविवारी मामा मोटारसायकलवर भाच्याच्या दारात, पिशवीत पेपर दोनचं गाईड. दीडशेतले गणित-विज्ञानाचे साठ गुण भाच्याने पक्के करून द्यायचे. पंचवीस वर्षांची सेवा झालेला मामा खाली सतरंजीवर आणि बी.एड.च नसलेला भाचा फळ्याशी, हे दृश्य मी स्वतः पाहिलं आहे. मामा फी देत नाहीत. सल्ला देणं मात्र त्यांनी थांबवलं आहे.

सरांची एक तक्रार मला रास्त वाटते. बी.एड.च्या सीईटीत शंभर गुण : मानसिक क्षमता 40, सामान्य ज्ञान 30, शिक्षक अभियोग्यता 30. पुढे भरतीच्या टेटमध्ये अभियोग्यता 120, बुद्धिमत्ता 80. नववी-दहावीला टीईटी लागत नाही. म्हणजे हायस्कूलचा विज्ञान शिक्षक व्हायला जेवढ्या प्रवेश-परीक्षा द्यायच्या, त्यांत विज्ञानाचा म्हणून पेपरच नाही. ‘‘मला जे येतं ते कोणी विचारत नाही,’’ असं तो म्हणतो. यात थोडी मिजास आहे, पण चूक नाही.

कारण त्याला खरंच येतं. दहावीचा पहिला धडा गुरुत्वाकर्षणाचा. वस्तुमान आणि वजन यांतला फरक पोरं पाठ करतात आणि पेपरात उलटा लिहितात. सरांनी विचारलं, ‘‘पन्नास किलोची कांद्याची गोणी चंद्रावर नेली तर?’’ मागून आवाज आला, ‘‘हमाली वाचेल, सर.’’

‘‘वाचेल. पण पट्टी किती किलोची निघेल?’’

पोरं गप्प. मग फळ्यावर डावीकडे तागडी काढली, उजवीकडे मार्केटचा इलेक्ट्रॉनिक काटा. तागडीत एका बाजूला गोणी, दुसऱ्या बाजूला वजनं. चंद्राने दोन्ही बाजूंना सारखंच हलकं केलं, म्हणून तागडी पन्नासच दाखवणार. इलेक्ट्रॉनिक काटा मात्र गोणी किती जोराने खाली दाबते ते मोजतो, आणि चंद्रावर ओढ सहाव्या हिश्शाची. तो दाखवणार जेमतेम सव्वाआठ किलो. ‘‘तात्पर्य काय? चंद्रावर माल न्याल तेव्हा तागडीवरच विका, नाहीतर व्यापारी बुडवेल.’’ वर्ग हसला. त्या वर्षी त्या ओट्यावरच्या एकाही पोराने फरक उलटा लिहिला नाही. त्यांच्या घरी मात्र आठवडाभर काट्यावरून वाद चालले होते.

मला विचाराल तर त्याने बी.एड. करावं. दोन वर्षं पाठ टाचणं काढावीत, पाच-सहा मिनिटांच्या सूक्ष्म पाठात फलकलेखनाचं कौशल्य दाखवावं, पोटापाण्याचं पुढे बघता येईल. असा मास्तर ओट्यावर राहिला तर चाळीस पोरांना मिळतो, हायस्कुलात गेला तर चारशेंना. हे मी त्याला तोंडावर सांगितलं. त्याने लगेच वही उघडून लिहून घेतलं.

यंदाच्या सीईटीचा फॉर्म त्याने भरला आहे. फक्त फी भरायची राहिली आहे. शेवटची तारीख जवळ आली आहे, पण मुदतवाढ मिळते, हे त्याला अनुभवाने ठाऊक आहे.