साडूंचा इंपेलर

पांढुर्ण्याच्या शिवारात कोणाचा बीपी वाढला तर घरचे त्याला डॉक्टरकडे नेतात आणि विषय संपतो. विहिरीवरची मोटर बिघडली, की मात्र सगळं शिवार धुऱ्यावर येऊन उभं राहतं. एप्रिल म्हणजे आंबिया बहाराची संत्री जेमतेम बोराएवढी झालेली असतात. पाण्याची पाळी चुकली तर तीच झाडाखाली सडा घालतात. त्यामुळे आलेल्या प्रत्येकाला काळजी असते आणि काळजीपेक्षा मत मोठं असतं. कोणी स्टार्टरवर संशय घेतो, कोणी बेरिंगवर, कोणी थेट फुटव्हॉलवर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर गोटे फेकतात, ती गोटमार लोकांना माहीत आहे. उरलेलं वर्ष आम्ही मतं फेकतो, ते कोणाला माहीत नाही.

आमची पाच हॉर्सची मोटर फिरत होती, पाइपातून पाणी मात्र करंगळीएवढं. आतून खडखड असा आवाज, कोणी पंपात मूठभर गिट्टी टाकल्याचा भास व्हावा असा. आणि यंदाच्या सभेला नेमके आमचे मालवणचे साडू हजर होते.

साडू सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि त्यांनी एक छोटी फायबरची होडी घेतली. होडीच्या मागे आउटबोर्ड इंजिन. तेव्हापासून जगातल्या कुठल्याही यंत्राबद्दल बोलण्याचा अधिकार आपल्याला आहे अशी त्यांची समजूत आहे. पाइपात डोकावून त्यांनी निकाल दिला, "इंपेलर गेलो. बदलूक व्हयो."

निदान बरोबर निघालं, हा त्यातला वैताग.

मिस्त्री फोन उचलेना, लग्नसराई होती. तोवर सामान तरी आणू म्हणून आम्ही निघालो. 1956 साली नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आमचा छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला, पण ही बातमी मोटरच्या सामानापर्यंत अजून पोचलेली नाही. ते येतं नागपूरहूनच. विजेचं बिल आम्ही हिंदीत भरतो आणि लाईन गेली की शिव्या मराठीत देतो. 2023 मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर आमच्यात आलं, आम्ही फटाके फोडले. पण जिल्ह्याच्या गावात पाच हॉर्सचा पंखा, म्हणजे साडूंच्या भाषेत इंपेलर, नव्हता. तो मिळाला सौंसरात.

वाटेत साडूंनी मला होडीचं इंजिन शिकवलं. ते इंजिन गार ठेवायला समुद्राचंच पाणी लागतं. हे पाणी वर ढकलणारा रबरी इंपेलर इंजिनाच्या पायात, एका स्टीलच्या वाटीत बसवलेला असतो. बरोबर मधोमध नाही, जरा एका अंगाला. त्यामुळे फिरताना त्याच्या रबरी पाकळ्या एकीकडे दबतात, दुसरीकडे मोकळ्या होतात आणि त्या उघडमिटीत पाणी पुढे सरकतं. इंजिन चालू झालं की मागून पाण्याची एक धार बाहेर पडते. ती धार दिसली की नाखवा निर्धास्त. बारीक झाली की किनारा गाठायचा, नाहीतर इंजिन तापून बसतं. पाण्याबाहेर कोरडं चालवलं तर रबराची राख व्हायला फार वेळ लागत नाही.

साडू दर हंगामाला तो इंपेलर स्वतः बदलतात. पाय सोडवायचा, गियरचा दांडा सुटा करायचा, जुना इंपेलर उपसताना शाफ्टवरची एवढीशी चावी वाळूत पडू द्यायची नाही. मग नव्याला साबणाचं पाणी लावायचं आणि शाफ्ट चालत्या दिशेनं फिरवत तो वाटीत दाबायचा, म्हणजे सगळ्या पाकळ्या एकाच बाजूला वळतात. हे सांगताना त्यांनी गाडीच्या डॅशबोर्डवर इतक्या तन्मयतेनं हात फिरवला की मला स्टिअरिंग घट्ट धरावं लागलं.

दुकानदारानं काउंटरवर ओतीव लोखंडाचा पंखा ठेवला. साडूंनी तो अंगठ्यानं दाबून पाहिला. दबला नाही.

"ह्येचा रबर खंय?"

"रबरचा नाही येत भाऊ, हा पाच हॉर्सचा आहे," दुकानदार म्हणाला. त्याला वाटलं, गिऱ्हाईक दिल्लीकडचं असावं.

परतताना जामसावळीला दर्शन घेतलं. इथला हनुमान आडवा, निद्रिस्त आहे. दुपारच्या झोपेला कोकणात जे स्थान आहे ते प्रत्यक्ष मारुतीरायालाही मान्य आहे हे पाहून साडूंना गहिवरून आलं. रबराचं दुःख ते तिथे विसरले.

संध्याकाळी मिस्त्री आला. विहिरीच्या टप्प्यावर उतरून त्यानं पंपाचे बोल्ट खोलले, नट काढला, पुलर लावून जुना पंखा ओढला. बॅटरीच्या उजेडात आम्ही तो पाहिला. पात्यांच्या कडा झिजून धारदार झाल्या होत्या आणि पाणी जिथून आत शिरतं तिथल्या लोखंडाला वाळवीनं कोरल्यासारखे बारीक खड्डे पडले होते. साडूंनी मगात साबणाचं पाणी करून तयारच ठेवलं होतं. मिस्त्रीनं त्यात हात धुतले आणि "बरं केलं साहेब" म्हणून मग परत दिला.

नवा पंखा शाफ्टवर चढला आणि साडू ओरडले, "अरे, उलटो बसयलो! पाती मागे वाकली!"

धुऱ्यावरची सभा एकदम गप्प झाली, कारण पाती खरंच फिरण्याच्या उलट दिशेला कललेली होती. कोणालाही वाटावं, पाणी ओंजळीत धरायचं तर पात्याचं तोंड पुढे नको का? मिस्त्रीनं वर न पाहता सांगितलं, "ते ओढत नाही साहेब, फेकते." पाणी मधल्या डोळ्यातून आत येतं, फिरणारा पंखा त्याला बाहेरच्या बाजूला भिरकावतो, आणि मागे कललेल्या पात्यांवरून ते कमी धडपडत सुटतं. ओंजळीचा इथे संबंधच नाही. रबराची विद्या लोखंडाला लागू पडत नाही हे साडूंनी मोठ्या मनानं ऐकून घेतलं, मान्य केलं नाही.

मग मिस्त्रीनं जुना पंखा माझ्या हातात दिला. "पंखा बदलून का होते? हे खड्डे कायचे पडले ते पाहा. पानी खाली गेलं न बाप्पा."

खरी गोष्ट ही होती. पंप पाणी वर ओढतो असं आपण म्हणतो, पण पंप फक्त जागा मोकळी करतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. हवेची ताकद हिशोबानं 34 फुटांची, आणि पाइपातली अडथळ्यांची शर्यत धरली तर 25 फुटांच्या आसपास ती दमते. उन्हाळ्यात विहिरीची पातळी उतरली आणि मोटर वरच्याच टप्प्यावर राहिली, की पंपातल्या पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात, पंख्यावर आपटून फुटतात आणि लोखंड टवके टवके खातात. गिट्टीचा आवाज त्या बुडबुड्यांचा. स्टार्टर, बेरिंग, फुटव्हॉल, तिघेही निर्दोष सुटले.

सकाळी चेनकप्पी आली. वर्षानुवर्षं नुसती मतं देणाऱ्या मंडळींना पहिल्यांदा दोर धरायला मिळाला आणि मोटर खालच्या टप्प्यावर उतरली. बादलीनं पंप भरला, नवी ग्लँडची डोरी घातली, स्टार्टर दाबला. पाइपातून पाणी असं आलं की दांडातला पालापाचोळा पहिल्या झाडापर्यंत वाहत गेला.

सगळे पाण्याकडे पाहत होते, साडू पंपाकडे. "धार खंय?"

ग्लँडमधून थेंब थेंब पाणी गळत होतं. मी पाना घेऊन आवळायला वाकलो, तर मिस्त्रीनं हात धरला. तेवढं गळू द्यायचं, त्यानंच डोरी आणि शाफ्ट गार राहतात; कोरडी आवळली तर जळते.

"हीच ती धार!" साडूंचा चेहरा उजळला. "माका वाटलाच, आसतली खंय तरी." मग ते शिवारातल्या प्रत्येकाला हाताला धरून तो थेंब दाखवू लागले. मिस्त्रीलाही त्यांनी बोलावलं.

मिस्त्री बिडी पेटवत म्हणाला, "साहेब, समुद्रात मोटर बंद पडली तं का करता?"

"वल्ही आसत मां."

"आमच्याइथं वल्ही नाही चालत," मिस्त्री म्हणाला, आणि लाईन गेली. पाइपातलं पाणी मावळलं. कोणी म्हणालं डीपी उडाली, कोणी म्हणालं सबस्टेशनवरूनच बंद आहे, आणि सगळी सभा शहानिशा करायला डीपीकडे निघाली. साडू सगळ्यांच्या पुढे होते.