खारपाणपट्ट्यातले कॅप्टन

अकोल्याच्या रेल्वे स्टेशनावर समुद्राचा उल्लेख एकाच ठिकाणी आहे. फलाटाच्या टोकाला पिवळी पाटी असते, तिच्यावर गावाच्या नावाखाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. बाकीचे प्रवासी ती पाटी दिसली की वरच्या बर्थवरच्या पिशव्या खाली घेतात. वऱ्हाडात एक माणूस मात्र असा असतो की तो खालची ओळ वाचतो, मान हलवतो आणि शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणतो, "म्हंजे पाय, समुद्र आपल्या खालीच हाय. दूर गिर नाई."

कॉलनीत या माणसाला कॅप्टन म्हणतात. तो फौजेत नव्हता, आरमारात नव्हता, क्रिकेटच्या संघातही नव्हता. तो पेन्शनर असतो. त्याला पोहता येतं, पण विहिरीतलं. म्हणजे सरळ खाली जाणं आणि सरळ वर येणं. समुद्र इथून सहा-सातशे किलोमीटर. खारं पाणी म्हणाल तर ते आमच्याकडे भरपूर. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा अशा तिन्ही जिल्ह्यांत पसरला आहे. तिथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि त्यात डाळ शिजता शिजत नाही. कॅप्टन हा मुद्दा आपल्या पात्रतेचा पुरावा म्हणून मांडतो.

कॅप्टन जन्माला येतो तो कोकणच्या सहलीत. कॉलनीतली चार कुटुंबं गाडी करून जातात. येताना बाकीचे कोकम, आंबापोळी आणि चपलांत वाळू घेऊन येतात. कॅप्टन एक प्रश्न घेऊन येतो.

आमच्या अकोल्याच्या कॅप्टनला तो प्रश्न हर्णैला पडला. हे गृहस्थ डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी माती तपासण्यात गेली. हर्णैच्या किनाऱ्यावर मासळी उतरवायला बैलगाड्या पाण्यात शिरतात, ते पाहून त्यांना आधी घरच्यासारखं वाटलं. "बैल भेत नाई काय पान्याले?" असं त्यांनी गाडीवानाला विचारलं, बैलाची शिंगं पाहिली, दात पाहायचे राहिले. मग संध्याकाळी सुवर्णदुर्गाच्या अंगाला नांगरलेल्या होड्यांतून माणसं किनाऱ्याला आली आणि खुशाल घराकडे चालू लागली. कॅप्टनने एका तांडेलाला थांबवलं.

"भाऊ, होडी तठीच राह्यली तुमची."

"हां. नांगरलीय."

"रातभर? कोनी नाई तिच्याजवळ?"

"नांगर आहे ना."

ज्या मुलखात वावरात रात्रभर पाइप ठेवला तर सकाळी नुसता धुरा शिल्लक राहतो, जिथं विहिरीवरची मोटर साखळदंडाने बांधून वर तिच्याशेजारी खाट टाकावी लागते, तिथल्या माणसाला हे उत्तर पचणं शक्य नव्हतं. लाखो रुपयांची वस्तू, खाली हलतं पाणी, वर हलता वारा, आणि मालक घरी जाऊन जेवणार! त्या रात्री बाकीची मंडळी पत्ते खेळली. कॅप्टन लॉजच्या गच्चीवर उभे राहून अंधारातला एक पांढरा दिवा मोजत राहिले. एकच होता, तरी मोजत राहिले.

तेव्हापासून नांगर टाकण्याचं हे शास्त्र त्यांच्या डोक्यात शिरलं ते शिरलंच.

अमरावतीचा कॅप्टन वेगळ्या घडणीचा. तो पाटबंधारे खात्यातला. मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणावर उमेदीचा काळ गेला, त्यामुळे पाणी म्हटलं की त्याला आकडे दिसतात. सकाळी छत्री तलावावर फिरायला जातो तेव्हाही तो पाण्याकडे न पाहता काठावर पाणी कुठवर आलं होतं ती रेघ पाहतो. तारकर्लीला सगळे लाटांत उड्या मारत असताना हा काडीने ओल्या वाळूवर हिशेब मांडत होता. ओहोटीला पाणी 2 मीटर. भरतीला आणखी 2 चढेल. होडीची नाळ पाण्यापासून 1 मीटर उंच. झाले 5. नुसता दोर असेल तर याच्या सातपट, म्हणजे 35 मीटर सोडायचा. तळाशी चांगली साखळी असेल तर पाचपटीत, 25 मीटरमध्ये भागतं. "आत्ताचं पानी पाहून दोर सोडला आन् रात्री भरती आली, मंग? होडी वर, नांगरबी वर!" नातू त्या हिशेबावरून धावत गेला, तेव्हा कॅप्टनने पुन्हा पहिल्यापासून एस्टिमेट केलं. भरतीने दुसरंही पुसलं. खात्यात असताना त्याची एस्टिमेटं मुंबईहून परत येत, त्यामुळे त्याला त्याचं काही वाटलं नाही.

इतका दोर कशाला, हे तो ज्या रीतीने समजावतो ती मात्र ऐकण्यासारखी आहे. सगळ्यांना वाटतं, नांगर जड असतो म्हणून होडी धरतो. तसं नाही. बैलाचा खुंटा सरळ वर ओढला की निघतो. बैल लांब दाव्याने आडवा ताणत राहिला तर सहजी निघत नाही. नांगर याच्याही पुढचा: आडव्या ओढीने त्याचा फाळ वाळूत आणखी रुतत जातो. म्हणून दोर लांब, आणि नांगराजवळ काही मीटर साखळी, म्हणजे तिच्या वजनाने ओढ जमिनीलगत राहते. आणि बैल जसा खुंट्याभोवती गोल चरतो, तशी होडी वारा-प्रवाह बदलला की गोल फिरते. तो सगळा गोल मोकळा पाहिजे. त्यात खडक नको, दुसऱ्याची होडी नको, आणि मुख्य म्हणजे किनारा नको. हे ऐकताना कॉलनीतली माणसं माना डोलावतात, कारण स्कूटर पार्क करण्यावरून त्यांची भांडणं याच मुद्द्यावर होतात.

हे दोन्ही कॅप्टन एकमेकांना भेटू नयेत अशी दोन्ही घरच्या वहिनींची इच्छा होती. पण वऱ्हाडात लग्नं मे महिन्यात होतात आणि अमरावती-अकोल्याच्या मधे मूर्तिजापूर आहे.

मंगल कार्यालयात पंगत बसायला वेळ होता. कोणी तरी, बहुधा मुद्दामच, दोघांना शेजारच्या खुर्च्या दिल्या. पाच मिनिटांत विषय निघाला. अकोलेकरांचं म्हणणं असं की दोर काही का सोडा, खालची जमीन पाहिल्याशिवाय नांगर टाकणं म्हणजे माती परीक्षण न करता खत टाकणं. चिखलात आणि घट्ट वाळूत नांगर धरतो, गवताळ तळावर नुसता घसरतो, आणि खडकाळ जागी एक तर धरत नाही नाही तर असा अडकतो की निघत नाही. पूर्वीचे दर्यावर्दी खोली मोजायच्या शिशाच्या बुडाला खळगा ठेवून त्यात चरबी भरत. तिला चिकटून तळाची माती वर येई. हे सांगताना अकोलेकरांचा आवाज भरून आला. जगात आपल्या खात्याची माणसं इतक्या जुन्या काळापासून आहेत हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

अमरावतीकर म्हणाले, "माती कोन पाह्यते? आपले जुने लोक तं दगड टाकत होते." द्वारकेच्या पाण्यात आणि आपल्या विजयदुर्गापाशी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांना भोकं पाडलेले दगडी नांगर सापडले आहेत, हे त्यांना ठाऊक होतं.

"त्या भोकात लाकडी खुंट्या ठोकत होते, म्हून धरत होते," अकोलेकर म्हणाले. "नुसता दगड म्हंजे दगडच!"

हा शेवटचा शब्द कोणाला उद्देशून होता यावर आजही एकमत नाही.

मग प्रयोग ठरला. आचाऱ्याकडून मोठं घमेलं आलं. अकोलेकरांनी स्वतः बाहेर जाऊन कुंपणाजवळची काळी माती आणून तळाशी दाबली, वर पाणी ओतलं. होड्या म्हणून पळसाचे द्रोण. अमरावतीकरांचा नांगर म्हणजे रांगोळीशेजारचा खडा. अकोलेकरांनी नवरीच्या मावशीकडून सेफ्टी पिन मागून तिला वाकवून गळ केला. (विहिरीत बादली पडली की आमच्याकडे दोराला बांधून जो चार-सहा आकड्यांचा गळ सोडतात, तोच खडकाळ किनाऱ्यावरच्या लहान होड्यांचा नांगर. हा शोध अकोलेकरांनी हर्णैलाच लावला होता आणि तांडेलाला "हे तं आमच्या वहिनीच्या विहिरीतलं हाय" असं सांगितलंही होतं.) वारा कुठून आणायचा हा प्रश्नच नव्हता. कार्यालयात माणसाएवढे चार कूलर होते. एक ओढून घमेल्यासमोर आणला.

कूलर एकवर होता तोवर दोन्ही द्रोण शांत. दोनवर केला तशी दगडाची होडी निघाली, सरळ काठाला लागली. पिनेचा दोरा आखूड होता, तीही मागोमाग. अमरावतीकरांनी टाळी वाजवली. "पाह्यला दोरा? सातपट सोडा!" आत्याबाईंच्या पिशवीतलं रीळ आलं, दोरा सातपट सोडला. पिन हळूहळू घसरली, मातीत तोंड खुपसलं आणि थांबली. कूलर तीनवर. द्रोण थरथरत राहिला पण जागचा हलला नाही. अकोलेकर म्हणाले माती जिंकली, अमरावतीकर म्हणाले दोरा जिंकला, आणि तेवढ्यात कोणी तरी कूलरचं तोंड फिरवलं. द्रोण लांब दोऱ्यावर मोठा वळसा घेऊन आला आणि काठावर आपटला. दोघे एकदमच ओरडले, "जागा नाई सोडली मागं!"

वरबाप विचारायला आले की मंगलाष्टकं सुरू करायची का. त्यांना थांबायला सांगण्यात आलं. शेवटी लाइट गेली तेव्हा वारा पडला, आणि लग्न लागलं.

वऱ्हाडी माणसाला या शास्त्रात एवढी गोडी का लागावी याचा मी विचार केला आहे. अंकगणित, माती ही निमित्तं. खरी गंमत रात्रीच्या भागात आहे. दुपारचा वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, रात्री जमीन निवते तसा तो उलटा, किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहू लागतो. कोकणात त्याला मतलई म्हणतात. म्हणजे संध्याकाळी जशी होडी ठेवली तशी ती रात्री राहतच नाही, तोंड फिरवते. ज्या फाळाने एका बाजूची ओढ धरली त्याला आता दुसऱ्या बाजूची धरायची असते. शिवाय अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी नेहमीपेक्षा वर. म्हणून रात्री उठून पाहायचं. किनाऱ्यावरचे दोन दिवे एका रेषेत धरून ठेवायचे. ती रेषा मोडली आणि मोडतच गेली तर नांगर घसरतोय. दोरावर हात ठेवायचा. नांगर तळावर खरडत असेल तर दोर हाताला थरथर सांगतो. होडीवर पांढरा दिवा जळता ठेवायचा, म्हणजे दुसरा येऊन आदळत नाही.

आता थ्री-फेजची लाइट रात्री दोन वाजता येणार म्हणून जो बाप ओलीत करायला कंदील घेऊन निघायचा, त्याच्या पोराला हे परकं वाटेल कसं? मोटर चालू आहे का, पाणी शेवटच्या सरीला पोचलं का, बारं मोडलं तर नाही. हीच ती पहाऱ्याची नोकरी. पोरं शिकली, कॉलनीत राहायला आली, नळाला पाणी आलं. जागायचं राहून गेलं. ती सगळी साठलेली जाग अकोल्याच्या कॅप्टनने हर्णैच्या त्या एका होडीवर खर्च करायला काढली आहे.

घरी त्याचा सराव चालतो. पलंगावरून खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी आणि मागचा मोबाइल टॉवर एका रेषेत दिसतात. कॅप्टन रात्री उठतात, टाकी आणि टॉवर पाहतात, "हाय जागेवर" म्हणतात आणि झोपतात. एकदा रेषा मोडलेली दिसली. घर घसरलं म्हणून त्यांनी वहिनींना उठवलं. वहिनींनी पलंग झाडायला भिंतीपासून ओढला होता, तो परत लावायचा राहिला होता.

चिखलदऱ्याच्या तलावावर नातवाला पायाने चालवायच्या बोटीत बसवायला नेलं, तर यांनी आधी विचारलं, "रात्री कुठं ठेवता? नांगर दिसून नाई राह्यला." तिकिटवाला पोट्टा म्हणाला, "काका, पाय मारा. पंधरा मिनिटंच हायेत."

तांडेलाचा फोन नंबर मात्र त्यांनी आणला होता. मासेमारी बंदीचे, 1 जून ते 31 जुलैचे दिवस घरच्यांना सुखाचे जातात. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, झाकलेल्या, कॅप्टन डाराडूर. ऑगस्ट लागला, नारळी पौर्णिमा झाली की परत सुरू. अमावास्येच्या रात्री हर्णैचा फोन वाजतो.

"दोर सोडला ना जास्तीचा? उधान हाय."

"सोडलाय साहेब."

"खाली वाळूच हाय ना?"

"वाळूच आहे. झोपा तुम्ही."

तांडेल कधी चिडला नाही. तसं त्याच्या घरातलंही कोणी रात्री उठून इतकं विचारत नसावं.

गेल्या मे महिन्यात एक दिवस भर दुपारी उलटा फोन आला. कॅप्टन जेवून आडवे झाले होते. तांडेल म्हणाला, "साहेब, टीव्हीवर दाखवतायत, अकोला पंचेचाळीसच्या वर. तुम्ही बरे आहात ना? ते तुमचं कूलर काय ते, त्यात पाणी घातलंय ना?"

"हओ, घातलं ना," कॅप्टन म्हणाले, आणि फोन ठेवून कूलरची जाळी काढून पाहिली. तळाला बोटभर पाणी होतं, पंप कोरडा घरघरत होता.

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "टाका आता नांगर त्याच्यात."