सात किलोंचा जाझ

तोक्योत ओचानोमिझू स्टेशनातून बाहेर पडलं की मेइजी विद्यापीठावरून खाली उतरणारा एक रस्ता लागतो. पुण्यात लक्ष्मी रोडवर जशा साड्या, तशा इथे गिटारी. दुकानाला लागून दुकान, मजल्यावर मजला, आणि बहुतेक सगळं अकराच्या सुमारास उघडणारं. जपान कितीही शिस्तीचा असला तरी गिटारवाल्यांना लवकर उठवणं त्यालाही जमलेलं दिसत नाही. मला हवा होता जाझ वाजवायला एक छोटा, एका हाताने उचलता येईल असा अ‍ॅम्प. सोबत आत्या. ती निशी-कासाईला नातवाकडे आलेली. नातू ऑफिसात, नातसून मीटिंगमध्ये, म्हणून "घरात बसून भिंती बघण्यापेक्षा तुझी दुकानं बघते" म्हणत निघाली. तिच्या पर्समध्ये आवळासुपारी, सुईदोरा आणि बॅगा तोलायचा हुकाचा काटा कायमचे मुक्कामाला असतात.

जाझवाल्याची मागणी ऐकायला साधी आहे. रॉकवाल्याला आवाज फाटलेला हवा असतो, त्यासाठी तो वर पैसेही मोजतो. जाझच्या कॉर्डमध्ये चार-पाच सूर, त्यातल्या दोघांचं आपसात पटत नसतं. आवाज जरा फाटला की त्यांचं भांडणच तेवढं ऐकू येतं. तेव्हा अ‍ॅम्पने आपली अक्कल चालवू नये, दिलं तेवढं मोठं करावं. आता हे निमूट काम करायलाच ताकद फार लागते. 1975 सालापासून चालत आलेला रोलँडचा जाझ कोरस घ्या. आवाज धुतल्या काचेसारखा म्हणतात तो हाच. 12 इंची दोन स्पीकर, 120 वॅट, आणि वजन सुमारे 28 किलो. आत्याने काटा बाहेरसुद्धा काढला नाही.

"तुझ्या जिन्यावरून हा कोण नेणार?"

जिना सदाशिव पेठेतला, मजला तिसरा, लिफ्ट नाही. शिवाय अ‍ॅम्प स्कूटरवर पायाशी मावला पाहिजे. तिथे गॅसचा सिलिंडर मावतो हे खरं, पण तो घेऊन कोणी कार्यक्रमाला जात नाही.

विक्रेत्या मुलाने एक पोकळ पोटाची गिटार सुरात लावली आणि दोन्ही हातांनी, वाकून माझ्यापुढे धरली. आत्याने नमस्कार केला. तो पुन्हा वाकला. तिने पुन्हा केला. यात माघार कोणी घ्यायची हे दोन्ही देशांना ठाऊक नसल्याने मी मधेच एक कॉर्ड वाजवून तह घडवला. तिथे सगळेच इतकं हळू वाजवतात की शेजारच्या माणसाची चूक ऐकायला कान द्यावा लागतो. पुण्यात ती आपोआप ऐकू येते.

पहिला आला मायक्रो क्यूब: 5 इंची स्पीकर, सहा पेन्सिल सेलवर चालणारा. काट्यावर तीन किलोंच्या आत. आत्या खूश. मी गिटारची सगळ्यात जाड तार छेडली. ती सेकंदाला 82 वेळा थरथरते. एवढ्याशा खोक्यातून ती थरथर बाहेर पडत नाही, तिच्या वरचे सूर येतात आणि खालचा आपण मनाने ऐकायचा. घरच्या रियाजाला उत्तम. ड्रमवाल्यासमोर मात्र मन किती पुरणार?

वॅटचा हिशेबही तिरपागडा. 30 चे 60 केले तर आवाज 3 डेसिबलने वाढतो, म्हणजे जेमतेम कळण्याइतका. कानाला दुप्पट वाटायला वॅट दसपट लागतात. दुकानदार हे सांगत नाहीत.

मग आली खरी मंडळी. 'एईआर' हा जर्मन अ‍ॅम्प: 60 वॅट, 8 इंची स्पीकर, साडेसहा किलो, बनवलेला अकूस्टिक गिटारसाठी, पण जाझवाल्यांनी दत्तक घेतलेला. आणि कोलोराडोचा हेन्रिक्सन बड: 120 वॅट, साडेसहा इंची स्पीकर, स्वच्छ, गोल, भरलेला आवाज. मी डोळे मिटून वाजवत राहिलो. उघडले तेव्हा बड काट्याला लटकत होता.

"सात किलो सातशे. विमानात हातात सातच चालतं."

"पण आवाज ऐकलास का?"

"ऐकला. विमानात कोण ऐकणार आहे?"

या क्षेत्रात वजनाची कदर असलेला माणूस पूर्वी होऊन गेला. जाझ गिटारवादक जो पास याने ज्या पॉलिटोन अ‍ॅम्पना नाव मिळवून दिलं, त्या कंपनीचा संस्थापक टॉमी गुमिना अकॉर्डियन वाजवायचा. वाद्य छातीवर बांधून उभं राहणाऱ्याला किलो म्हणजे काय हे सांगावं लागत नाही.

तेवढ्यात आत्याने दुसरा एक अ‍ॅम्प उलटा केला. "शंभर व्होल्ट लिहिलंय. आपल्याकडे?" आपल्याकडे 230. जपानच्या बाजारासाठी बनलेला अ‍ॅम्प आपल्या बोर्डात खुपसला तर जाझऐवजी धूर निघणार. मधे ट्रान्सफॉर्मर लावता येतो. तो लोखंडाचा, चांगला जड. हलका अ‍ॅम्प घ्यायचा आणि त्याची चाकरी करायला एक वजनदार ठोकळा सोबत फिरवायचा! काही अ‍ॅम्प 100 ते 240 व्होल्ट काहीही पचवतात, पण मागची पट्टी वाचल्याशिवाय कोणता ते कळत नाही.

संध्याकाळी एका तळघरातल्या क्लबात गेलो. गिटारवादक रेल्वेने आला, पाठीवर फक्त गिटार. कोपऱ्यात क्लबचा स्वतःचा जाझ कोरस उभा होता. त्याने वायर जोडली, दोन बटणं फिरवली आणि सुरू केलं. इथल्या तालमीच्या स्टुडिओंतही हाच अ‍ॅम्प जागोजाग ठेवलेला असतो. ज्या शहरात छोट्या अ‍ॅम्पची एवढी दुकानं, तिथला वादक रिकाम्या हाताने हिंडतो. आपल्याकडे क्लब माइक देतो, समोसे देतो, पण अ‍ॅम्प तुमचा तुम्ही आणायचा.

माझा निकाल असा: मायक्रो क्यूब रियाजासाठी घेतला, सेलवर चालतो, व्होल्टचा प्रश्नच नाही. कार्यक्रमासाठी 8 इंची स्पीकर, 60 वॅटच्या आसपास, सात किलोंच्या आत. तो भारतातच घेणार, 230 व्होल्टचा, बिल आणि गॅरंटीसकट. तुम्ही ओचानोमिझूला गेलात तर अकरानंतर जा, हवे तेवढे अ‍ॅम्प वाजवून बघा, आणि पाकीट उघडण्याआधी मागची पट्टी वाचा.